दारावरच्या यादीत एक ओळ कमी

पहिल्याच भेटीत मी पुलक सान्यालच्या बुटावर थुंकले.

मुद्दाम नाही हो! सिलीगुडीच्या आमच्या चहाच्या पेढीत चव घेणाऱ्यांचं कामच ते. ओळीनं मांडलेल्या कपांतून चमचाभर चहा सुर्रकन ओढायचा, जिभेवर घोळवायचा आणि पिकदाणीत टाकायचा. माझा नोकरीचा पहिला आठवडा... नेम चुकला. समोर एक शिडशिडीत माणूस स्वतःच्या पायाकडे बघत उभा.

“हं... करपलाय,” तो गंभीरपणे म्हणाला. “पत्ती जास्त भाजली. बरोबर?”

“बरोबर, पुलकदा. माफ करा, मी —”

“बूट माफ करतील. पण ते ‘दा’ काढा. एकदा दादा म्हटलं की माणसाचे सगळे रस्ते बंद!”

वर्षभर मी ‘दा’ काढला नाही आणि त्यानं रस्ता शोधणं सोडलं नाही. ‘तुम्ही’चं ‘तू’ मात्र कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. मग त्याच्या मानेत गाठ निघाली. कॅन्सरची.

केमोनं त्याचे केस गेले, भुवया गेल्या, जिभेची चवही गेली. तरी दोन केमोंच्या मधल्या दिवसांत तो कामावर येई. मी चव सांगायची, त्यानं वहीत लिहायची. त्याला दुसऱ्याचा साधा सर्दी-तापसुद्धा झेपणारा नव्हता. काय काय टाळायचं, त्याची यादी डॉक्टरांनी दिली होती. ती मी ठळक अक्षरांत उतरवून आमच्या चव घेण्याच्या खोलीच्या दारावर चिकटवली. ताप, सर्दी, खोकला, डोळे आलेले... यांनी आत येऊ नये. आमचे बडोबाबू, म्हणजे हेडक्लार्क, फाल्गुन लागला तरी माकडटोपी न काढणारे. ते एकदा शिंकले, तर मी त्यांना तीन दिवस व्हरांड्यात बसवलं.

“हवालदारीण!” पुलक हसला. मग मूळ कागद काढून त्यानं ताडून पाहिला. “झिनुक, एक ओळ कमी आहे.”

ती ओळ कांजिण्यांची होती. आमच्याकडे त्यांना ‘आईची दया’ म्हणतात; आई म्हणजे देवी. खरं नाव तोंडानंही घेत नाहीत, मग दारावर कोण लावणार? ते तर तिला घरात बोलावणंच झालं. शिकलेली मी, पण हात काही पुढे सरकला नव्हता.

“ज्याला कळायचं त्याला कळतं,” मी म्हणाले.

“डॉक्टर म्हणतात, माझ्यासाठी तीच सगळ्यांत वाईट. लगेच कळलं तर इंजेक्शन आहे. उशीर झाला तर...”

“मी आहे ना दारात!”

होते ना. मीच होते दारात.

आठवड्याभरातच आमच्याच घरात, माझ्या भाचीच्या अंगावर फोड उठले. आईनं दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला, घरात मासे बंद केले आणि मला दटावलं, “बाहेर अवाक्षर काढायचं नाही. आणि तुला काय भीती? तुला लहानपणी येऊन गेलीय.”

माझा डबा उघडून पुलकनं डोळे विस्फारले. “नुसतं वरण आणि पडवळ? मासा कुठे गेला?”

“व्रत आहे.”

“कशासाठी?”

“चांगला नवरा मिळावा म्हणून.”

“समोर बसलाय की! बिचाऱ्या माशांना कशाला सोडलंस?”

मी हसले. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर घरी बसावं लागणार, वर्षातला पहिला कोवळा चहा येणार आणि त्याच्याजवळ दुसरंच कुणी चमचा घेऊन उभं राहणार... इतका क्षुद्र विचार होता तो. आज लाज वाटते.

दोन आठवड्यांनी, शुक्रवारी, तो पहिला चहा आला. माझं अंग जरा कसकसत होतं. जागरण झालं असेल म्हणून मी सोडून दिलं.

“सांग ना, कसा आहे?” पुलकनं विचारलं.

“कोवळ्या मक्यासारखा. वरून पाऊस पडून गेलेला...”

“दे इकडे.” त्यानं माझ्या हातातला कप घेतला आणि मी ओठ लावले होते तिथेच ओठ लावले. “चव नाही कळली,” तो हळूच म्हणाला, “पण ऊब कळली.”

शनिवारी माझ्या पाठीवर फोड आले. आई डोक्याला हात लावून बसली. “अगं बाई... तुला नाही, तुझ्या दिदीला आली होती वाटतं!”

“मा, त्याला कळवायला हवं.”

“चूप! नवव्या दिवसाच्या आंघोळीपर्यंत नाव काढायचं नाही. ती कोपली म्हणजे?”

मी रविवारी फोन हातात घेतला आणि ठेवला. सोमवारीही ठेवला. मंगळवारी केला.

“पुलक...”

“अरे वा, ‘दा’ गेला! थांब, नीट बसून ऐकतो.”

“मला कांजिण्या झाल्यात. घरात अडीच आठवड्यांपासून आहेत.”



“अंगावर कधी उठल्या?”

“शनिवारी.”

“आज मंगळवार आहे, झिनुक.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. इंजेक्शन कोलकात्याहून मागवावं लागलं. ते गुरुवारी पोचलं. कांजिण्या त्याच्या फुफ्फुसात उतरल्या. सव्वीस दिवस तो इस्पितळात होता. तो वाचला, पण तोवर केमो थांबली आणि मानेतली गाठ परत आली. आता त्याला कोलकात्यात आपल्या ताईकडे राहून आणखी जड उपचार घ्यायचे होते. डॉक्टर कसलीच खात्री देत नव्हते.

जायच्या दिवशी तो पेढीत आला. नाकातोंडावर मास्क, कपाळावर फोडांचे खड्डे. दाराबाहेरच थांबला. मी आत.

“ती ओळ लिही,” तो म्हणाला.

मी पेन घेतलं आणि यादीच्या तळाशी कांजिण्या असं स्पष्ट लिहिलं.

“आणखी एक गोष्ट आहे,” मी म्हणाले. “तीही नाव न घेता ठेवलीय.”

“ती लिहू नकोस. बोल.”

“माझं तुझ्यावर प्रेम आहे, पुलक. बुटावर थुंकले तेव्हापासून.”

त्याचे डोळे भरून आले. हात पसरून तो उंबरठ्याच्या आत आला. वर्षभर मी ज्याची वाट पाहिली तेच होतं ते. मी दोन पावलं मागे सरले.

“नको, जवळ येऊ नकोस... सकाळपासून माझा घसा खवखवतोय.”

तो थबकला. मग मास्कच्या आडून हसला, पूर्वीसारखाच.

“हवालदारीण कामावर रुजू झाली,” तो म्हणाला. बाहेर ताईच्या गाडीचा भोंगा वाजला, आणि मला न शिवताच तो जिना उतरून गेला.