खर्जाबाईचा खरा आवाज

त्या दिवशी रेडिओवर माझी आत्या गायली आणि मी तिला ओळखलंच नाही.

दुपारची वेळ होती. चष्म्याच्या दुकानात मी एका आजोबांच्या नाकावर तपासणीची फ्रेम चढवून काचा बदलत होते, "हे बरं, की हे बरं?" मागे रेडिओ आपला चालू होता. पातळ आवाजाची कुणी बाई होडीवाल्यांचं एक जुनं गाणं म्हणत होती. गाणं ओळखीचं, म्हणून मीही मान डोलावली. मग निवेदिकेने सांगितलं, आठ महिन्यांपूर्वी गेलेल्या लोकगायिकेच्या आठवणीत पुढच्या महिन्यात तासाभराचा कार्यक्रम होणार आहे... आणि तिने आत्याचं नाव घेतलं.

माझ्या हातातली काच खाली पडली.

आत्या? ही? जिला सगळं गाव खर्जाबाई म्हणायचं, जिने फोन उचलला की पलीकडचा माणूस "नमस्कार साहेब" म्हणायचा? आईवडलांच्या मागे तिनेच मला वाढवलं. घरात आम्ही दोघीच. तिचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा यायचा, आणि रेडिओवर मात्र चिमणी चिवचिवत होती.

रेडिओ केंद्र दोन गल्ल्या सोडून होतं. मी तडक गेले. टेपांच्या खोलीत एक उंच माणूस चष्मा कपाळावर चढवून यंत्र पुसत बसला होता.

"माझ्या आत्याचा गळा कुणी दाबला?" मी विचारलं.

"गळा? कुणाचा?"

मी सांगितलं. तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

"मला वाटलं, टेप हळू चालतेय... बाईमाणूस इतकं खाली गाईल असं वाटलं नाही हो. म्हणून वेग जरा वाढवला."

"जरा? तुम्ही तिला सोळा वर्षांची करून ठेवलीत!"

"त्याबद्दल सहसा बायका तक्रार करत नाहीत..."

मला हसू आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा, आणि तेही नको तिथे.

त्याने टेप पुन्हा लावली, वेगाचं बटण हळूहळू फिरवलं. "हे, की हे?" माझाच प्रश्न माझ्यावर उलटला होता. मी डोळे मिटले. "अजून खाली... अजून... थांबा." आणि आत्या खोलीत आली. श्वास घेऊन, जडशी, शब्दाच्या शेवटी किंचित घासणारी. मी रडले. त्याने यंत्र पुसायचं फडकं पुढे केलं. त्याला स्पिरिटचा वास होता आणि डोळे आणखीच झोंबले.

"यातल्या बहुतेक टेपा फार जुन्या आहेत," तो म्हणाला. "आता फार दिवस टिकायच्या नाहीत, म्हणून नवी प्रत करतोय. त्या प्रतीत जो आवाज जाईल, तोच पुढे तिचा आवाज. आणि तो घरात रोज, इतक्या जवळून ऐकलेल्या तुम्ही एकट्याच. उद्या याल?"

मी गेले. परवाही गेले.

जेवणाच्या सुट्टीत मी दुकानाच्या शटरवर पाटी लावायची आणि त्या खोलीत जाऊन बसायची. आधी लोकगीतं झाली. अंगाया, नावाड्यांची, जात्यावरची. मग आत्याने चाळिशीत एका गिटारवाल्याच्या नादाने गायलेली अमेरिकेकडची कंट्री गाणी, लांब रस्त्यांची, घर सोडून गेलेल्यांची. रोज तो टेप चुकीच्या वेगाने लावायचा आणि रोज मी त्याचा कान धरायची.

"टेपवाले, आज तर तिला रेडा केलात."

"चष्मेवाली, तुमच्यासमोर माझे हात कापतात, त्याला मी काय करू?"

"हातांना नंबर लागलाय का बघू?"

एकदा मी त्याचा वाकडा चष्मा काढून घेतला, दिव्याच्या उबेवर काडी सरळ केली आणि परत त्याच्या कानांवर बसवला. बोटं जरा जास्तच वेळ तिथे राहिली... त्याने श्वास रोखून धरला होता. बाहेर पाऊस पडून गेला होता, छपरावरून थेंब गळत होते, आणि गिटारच्या मागे आत्या म्हणत होती की जाणाऱ्याने वळून बघू नये. मी मात्र जिन्यावरून तीनदा वळून बघितलं.

शेवटची टेप रॉकची होती. जाण्याच्या आधीच्या वर्षी, सत्तरीला टेकलेली आत्या चार दाढीवाल्या पोरांच्या बँडबरोबर गायली होती. डॉक्टर नको म्हणाले, मी नको म्हणाले. तिने कुणाचं ऐकलं? ते गाणं मी रागाने कधीच ऐकलं नव्हतं.

"हे, की हे?" त्याने विचारलं.

मी डोळे मिटले. काहीच झालं नाही.

"पुन्हा."

त्याने पुन्हा लावलं. वर, खाली, थोडं वर. सगळ्याच आत्या होत्या आणि एकही आत्या नव्हती. दुकानात हे मी रोज बघते. फार काचा बदलल्या की गिऱ्हाईक गोंधळतं आणि म्हणतं, सगळं सारखंच दिसतंय.

"मला तिचा आवाज आठवत नाहीये," मी म्हणाले.

त्याने टेप पुन्हा सुरुवातीला नेली. टेप फिरत होती. गाणं सुरू होण्याआधी टेपवर गिटारच्या स्पीकरची एक बारीक गुणगुण येत होती.

"हे काय गुणगुणतंय?" मी नुसतं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"वीज." त्याचा आवाज पडला. "ती नेहमी एकाच सुरात गुणगुणते."

"नेहमी?"

"हो."

"मग ती मोजली की टेपचा खरा वेग कळेल?"

"...कळतो."

"आणि ती प्रत्येक टेपवर असते?"

मग त्याने सगळं सांगून टाकलं. पहिल्या दिवशी मी निघून गेल्यावर त्याने शरमेने गुणगुण मोजली होती. मी जिथे 'थांबा' म्हणाले होते, वेगाचा काटा अगदी तिथेच होता. त्यानंतर त्याला माझी गरजच नव्हती. प्रत्येक प्रत तो सकाळीच, बरोबर वेगाने, करून ठेवत होता. आणि दुपारी टेप मुद्दाम चुकीची लावत होता, मी यावं म्हणून.

"दुसरा बहाणा सुचला नाही," तो म्हणाला. "तुम्ही आवडता मला. फार आवडता. सरळ सांगायचं धैर्य नव्हतं."

"चुकीच्या आवाजांनी तुम्ही माझ्या डोक्यातली आत्या पुसून टाकलीत," मी म्हणाले. "माझ्याकडे तेवढीच होती."

त्याचं तोंड उतरलं. हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं, ते स्पष्ट दिसत होतं. म्हणूनच मला धड भांडताही येईना. मी निघून आले.

अकरा दिवस मी त्या गल्लीत पाय ठेवला नाही. बुबुळांमधलं अंतर मोजायच्या मोजपट्टीवरचे आकडे दिसेनात इतकी रडले. आत्यासाठी की त्याच्यासाठी, हे विचारू नका. दोन्ही एकातच मिसळलं होतं.

रविवारी सकाळी कार्यक्रम लागला. मी घरी, रेडिओला कान लावून. होडीवाल्यांचं गाणं झालं, गिटारची झाली. आवाज खोल होता, सुंदर होता. पण तिचा होता का? मला सांगता येईना. आणि माझ्याशिवाय विचारायला तर कुणीच नव्हतं... एक जण सोडून.

मी धावत केंद्रात गेले. तो टेपांच्या खोलीत एकटाच बसला होता. मला बघून उभा राहिला. भिंतीवरच्या स्पीकरमधून रॉकचं शेवटचं गाणं सुरू झालं होतं.

"हा तिचा आवाज आहे?" मी विचारलं. "मला ओळखू येत नाही. तू सांग."

'तू' तोंडातून निसटला. त्याने तो ऐकला, पण हसला नाही.

"तिचाच आहे."

"तू खोटं बोलतोस."

"तुला बोलावण्यासाठी बोललो. तिच्या आवाजात एकदाही नाही. एकाही प्रतीत नाही."

इतके महिने त्या आवाजाची एकटी साक्षीदार मी होते. आता मला माझी आत्या त्याच्या शब्दावर परत घ्यायची होती. नाहीतर ती नव्हतीच.

"बरं," मी म्हणाले. "मग तीच आहे."

मी त्याचा हात धरला, त्याच्या शेजारी बसले, आणि तिचं गाणं संपेपर्यंत पोटभर रडले.