बंड्याचा एक ठिपका जास्त

टक्!

दुपारी लाईट गेली की आमची भाताची गिरणी थांबते आणि घोटीतलं हे घर एकदम गप्प होतं. माझं लिहिणं तेवढ्यात उरकायचं. त्या शांततेत काजळाच्या डबीचं झाकण वाजलं. वळून बघते तर माझी लेक सई खुर्चीवर चढून भिंतीवरच्या फोटोतल्या कुत्र्याला तीट लावायला निघालेली!

"अगं, नको!"

मी इतक्या जोरात ओरडले की ती दचकलीच.

"का गं आई? आजी मला रोज लावते की."

का… ये, बस. सांगते.

मी कॉलेजात होते तेव्हा. नाशिकला गोल्फ क्लबच्या मैदानावर डॉग शो होता आणि मी मैत्रिणीच्या पामेरियनला सोबत म्हणून गेले होते. जानेवारीचं कोवळं ऊन, सगळीकडे शाम्पूचा वास. मागून कुणीतरी माझी ओढणी ओढली. रागाने वळले, तर ओढणीचं टोक तोंडात धरून एक डाल्मेशियन उभा! पांढराशुभ्र, अंगभर काळे ठिपके. आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला लालबुंद झालेला एक मुलगा.

"सॉरी… बंड्या, सोड! तो असं कधी करत नाही हो."

"मालकाने शिकवलं असेल."

"मालकाची एवढी हिंमत नाही."

मला हसू आवरेना. नाव कळलं, रविराज. बंड्याला कुरवाळत म्हणाला, "आज याचा शेवटचा पेपर. एक सर्टिफिकेट पुण्यात मिळालं, एक मुंबईत. आज तिसऱ्या, वेगळ्या परीक्षकाने दिलं की नावाआधी चॅम्पियन लागणार!"

"म्हणजे बाकीच्या कुत्र्यांना हरवायचं?"

"तेवढ्यावर भागत नाही. डाल्मेशियन कसा असावा हे ठरलेलं असतं, त्याच्या किती जवळ जातो ते बघतात. दात तपासतात, अंगावरून हात फिरवतात, चालायला लावतात—"

"अय्या, हे तर मुलगी बघण्यासारखंच!"

"फरक आहे. नकार आला तरी बंड्या घरी जाऊन दोन भाकरी जास्तच खातो."

मग त्याचा आवाज उतरला. "चॅम्पियन झाला तर बंगळूरचे एक गृहस्थ मला त्यांच्या केनेलवर नेणारेत. शोची कुत्री तयार करायला. नाही झाला तर… वडिलांना शब्द दिलाय. गिरणीवर बसायचं."

पट्टा आईच्या हाती देऊन तो रिंगचा नंबर घ्यायला गेला, आणि त्याची आई, सिंधुबाई, माझ्याकडे सरकली.

"पोरी, काजळ हाय का गं तुझ्यापाशी? लय लोक बघतेत माझ्या बंड्याला."

मी पर्समधली डबी दिली. त्यांनी बंड्याच्या कानामागे बोट टेकलं. एवढ्या ठिपक्यांत आणखी एक… कुणाला कळणार?

बंड्या दोरी बांधलेल्या रिंगमध्ये चालला. काय चालला! मान ताठ, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले. कलकत्त्याहून आलेले परीक्षक खूश दिसत होते. शेवटचा हात फिरवताना त्यांची बोटं कानामागे थांबली. त्यांनी स्वतःचं बोट पाहिलं. खिशातून पांढरा रुमाल काढून ठिपका घासला.

रुमाल काळा!

"रंग लगाया है," ते म्हणाले. रंगवलेला कुत्रा म्हणजे फसवणूक. बंड्या बाद, आणि रंग लावणाऱ्याला वर्षभर शोबंदी.

दोरी ओलांडून मी आत कधी धावले, कळलंच नाही. "सर, ते काजळ आहे! डबी माझी आहे!"

मागून सिंधुबाई, "म्या लावलं! लेकराला तीट लावायची नाय तर काय?"

रविराजने माझ्याकडे पाहिलं. मग आईच्या काळ्या बोटाकडे… आणि परीक्षकांकडे वळून म्हणाला, "सर, मीच लावलं. यांचा काही संबंध नाही."

एका वाक्यात बंगळूर सोडतं का कुणी?

बाहेर आल्यावर तो आईसमोर उकिडवा बसला आणि तिचं बोट रुमालाने पुसत म्हणाला, "काय गोल लावलीस गं आई! मलासुद्धा कळली नाही."

सिंधुबाई रडता रडता हसल्या. आणि मी… माझं तिथेच ठरलं.

जाताना त्याने डबी पुढे केली. "तुमचं काजळ."

"राहू दे. परत न्यायला येईन."

"घोटीला?"

"का? तिथे गाडी थांबत नाही?"

तो पुन्हा लालबुंद. बंड्याने तेवढ्यात माझी ओढणी धरलीच!

सई फोटोकडे बघत राहिली. बाहेर गिरणीच्या दारात कुठलंसं कुत्रं आलं होतं, आणि हातातलं पोतं तसंच धरून तिचे बाबा त्याची चाल न्याहाळत उभे होते. वळणावर ते दिसेनासं झालं, तरी उभेच.

"आजीने तीट लावली नसती तर बाबा बंगळूरला गेले असते?"

"हो गं."

तिने डबीचं झाकण हळूच लावलं.

"मग आई, आजीने लावली ते चांगलं झालं… की वाईट?"