जिराफाची फिकी मान

"मावशीने रंगात पाणी घातलं, असं म्हणतात," पुस्तक्या म्हणाला आणि फौजदार ताईने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

ताईला हे नाव घरच्यांनीच दिलं होतं, कारण खाऊचा डबा रिकामा दिसला की ती मुंगीचीसुद्धा जबानी घ्यायची. ती, पुस्तक्या आणि धाकटा टिंगू ही तिघं भावंडं सुट्टीत मावशीकडे आली होती. मावशी भिंतींवर चित्रं काढायची. वर्षभरापूर्वी तिने ग्रंथालयाच्या भिंतीवर दोन मजली नारिंगी जिराफ काढला होता आणि आता त्याची मान फिकी पडली होती. हलका रंग वापरला, असा ठपका ग्रंथपालबाईंनी ठेवला होता. मुलांच्या दवाखान्याची भिंत मावशीला रंगवायला द्यायची की नाही, हे आज दुपारी ठरणार होतं. ती सकाळपासून कोणाशी बोलली नव्हती, आणि ते ताईला अजिबात सहन होत नव्हतं.

पहिला संशय रंगवाल्यावर. त्याने शांतपणे आपल्या दुकानाची पाटी दाखवली. तोच नारिंगी रंग, वर बिनरंगी वॉर्निश, तीन वर्षं उन्हात आणि जशीच्या तशी. वॉर्निश ऊन अडवतं, नाहीतर ऊन रंग खातं, असं तो म्हणाला.

मग तिघं भिंतीसमोर उभी राहिली. जिराफाचे पाय झकास होते. मान फिकी. कान मात्र पुन्हा ताजे.

"कान छज्ज्याखाली आहेत, तिथे ऊन पोचत नाही," पुस्तक्या पुटपुटला. "म्हणजे रंग चांगलाच आहे."

"मग पायांवर ऊन पडत नाही का?" ताईने डोळे बारीक केले. "आणि ही फिकी जागा सुरू होते ती रेघ बघ, किती सरळ आहे. ऊन काही पट्टी घेऊन बसत नाही. हे माणसाचं काम आहे."

टिंगूला पुस्तक्याच्या खांद्यावर चढवून ताईने लांब काठीला बांधलेला ओला स्पंज दिला. रेघेच्या खाली पाण्याचे थेंब घरंगळले. रेघेच्या वर भिंतीने पाणी पिऊन टाकलं. वर वॉर्निशच नव्हतं!

जिराफाच्या कामाच्या शेवटच्या दिवशी मावशी तापाने फणफणली होती आणि वॉर्निशचा डबा ग्रंथालयाच्या शिपाईकाकांच्या हाती देऊन घरी गेली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. वॉर्निश दिसत नाही, म्हणून ग्रंथपालबाईंनी भिंत न बघताच काम पूर्ण झाल्याची सही केली होती.

ताईने टिंगूचं बॅडमिंटनचं फूल मुद्दाम उंच उडवून रेघेच्या वरच्या खिडकीच्या गजांत अडकवलं आणि ग्रंथपालबाईंना बोलावून आणलं. मग शिपाईकाकांना गोड आवाजात म्हणाली, "काका, शिडीवर चढून काढून द्या ना."

काकांचा चेहरा उतरला. "शिडी कशाला?" म्हणत त्यांनी कोपऱ्यातला लांब दांड्याचा ब्रश उचलला, टाचा उंचावल्या आणि हात ताणला. ब्रशचं टोक बरोबर त्या रेघेवर थांबलं. त्याच्या वर ते जाईना.

ग्रंथपालबाई आधी ब्रशकडे बघत राहिल्या, मग रेघेकडे.

"मला शिडीची भीती वाटते, बाई," काका हळूच म्हणाले. "सांगायची लाज वाटली. अर्धा डबा अजून कोठीत आहे."

ताईला त्यांची कीव आली, पण तिने ती लपवली.

ग्रंथपालबाईंनी मावशीला बोलावून सर्वांसमोर माफी मागितली. न बघता सही करणं ही आपली चूक होती, हेही त्या बोलल्या. "तुमच्या पोरांनी आम्हा मोठ्यांना बघायला शिकवलं," त्या म्हणाल्या. दवाखान्याची भिंत मावशीलाच मिळाली.

दुसऱ्या दिवशी मावशीने मान नव्याने रंगवली, आणि रंग वाळल्यावर वॉर्निश घेऊन पुन्हा शिडी चढली. शिडी काकांनी घट्ट धरली होती.

"वर चढायचं काम माझं," मावशी वरून म्हणाली. "पण भीती वाटली तर यापुढे आधी सांगायचं, काका."

काकांनी मान हलवली. ताई मात्र शिडीचे पाय नीट टेकलेत ना, ते तपासत होती.