यादीला जोडलेला दुसरा

हे खरं घडलंय. पटत नसेल त्याने इथेच थांबावं, पण उत्कर्षाला खोटारडी म्हणू नये.

गेल्या मे महिन्यातला शुक्रवार. दुपारचे तीन. सोलापूर, विजापूर रोड.

उत्कर्षाचे सासरे बिरप्पा समाजातल्या स्थळांची यादी ठेवायचे. एका बोटाने, जोर लावून टाइप करायचे. ते वारले आणि यादी सुनेच्या कॉम्प्युटरवर आली. यादी चालवणारा प्रोग्रॅमही त्याच कॉम्प्युटरमध्ये होता. कुणाकुणाच्या कॉम्प्युटरवरून यादीला कोण जोडलंय, त्यांची नावंही तिथं दिसतात.

नणंद सृष्टीची सुपारी रविवारी फुटायची होती. मुलगा मैंदर्गीचा, अभिमन्यू. उत्कर्षाने त्याचं पान उघडलं.

‘पहिलं लग्न’ या रकान्यात सकाळी ‘नाही’ होतं.

आता होतं... ‘झालंय’.

तिने खोडून ‘नाही’ लिहिलं. चहा ठेवून परत आली.

‘झालंय’.

"सृष्टी! लग्न मोडायचंय तर सरळ सांग. यादीला कशाला हात लावतीस?"

"वैनी, मला न्हाय म्हणायचं असतं तर तोंडावर म्हटलं असतं की! तुमचा कॉम्प्युटर तुमालाच लखलाभ."

"मग बस हितं. हात माझ्यासमोर ठेव."

ती बसली. उत्कर्षाने इंटरनेटची वायर उपटली. पुन्हा ‘नाही’ लिहिलं.

दोघी बघत होत्या. आणि आवाज आला...

टक्.

कीबोर्डवर कुणाचंच बोट नव्हतं.

‘झालंय’.

उत्कर्षाने यादीला कोण जोडलंय ते उघडलं. एक नाव तिचं.

दुसरं... बिरप्पा.

त्यांचा कॉम्प्युटर दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेलेला. तिने ती जोडणी काढून टाकली. परत आली. पुन्हा काढली. पुन्हा आली.

सृष्टीचा चेहरा उतरला. पण पोरगी धीट. तिने मुलाच्या आईला फोन लावला.

"मावशी, त्यांची पहिली बायको कुटं असती आता?"



पलीकडून दबका आवाज, "कुणी सांगितलं तुमाला?"

सुपारी मोडली.

आपल्यात हे असंच चालतं. पोरीचा रंग, उंची, दातसुद्धा लिहून घेतात आणि मुलाची अख्खी बायको गिळून टाकतात. तो ‘नाही’ बिरप्पांनीच लिहिलेला, जिवंतपणी. लोकांच्या पोरींना चालत होता. स्वतःची पोर निघाली तेव्हा म्हातारा मसणातून उठून खरं लिहायला आला!

काम झालं, आता जातील, असं उत्कर्षाला वाटलं.

सोमवारी दुपारी तिने यादी उघडली. दुसरं नाव जोडलेलंच होतं.

एक जुनं पान आपोआप उघडलं. शिवराज... तिचा नवरा. हेच पान वाचून तिच्या बापाने होकार दिलेला.

‘पहिलं लग्न : नाही’.

टक्.

‘झालंय’.

"काय बघतीस एवढं?" मागून शिवराज म्हणाला.

"काय न्हाय." तिने स्क्रीन बंद केली.

तिने अजून विचारलेलं नाही. विचारलं आणि मैंदर्गीच्या बाईसारखंच तोही म्हणाला तर... "कुणी सांगितलं तुला?"