पाळीतला ठोका

त्या काचेच्या ग्लासातून घरात कोणी पाणी पीत नसे. तो खिडकीत पालथा असायचा, आणि संध्याकाळच्या फेरीला निघताना पाळवाली तो पदराने पुसून हातात घ्यायची.

धरण लहानसंच, पाणी अडवणारा मातीचा बांध म्हणजे त्याची पाळ. खालच्या शेतांना पाणी पुरवणारं. पाळीच्या पायथ्याशी तिचं घर आणि त्यापुढे वस्ती. नवरा धरणाच्या दरवाज्याचं चाक सांभाळायचा. पाळ सांभाळायची ती. उंदरांची बिळं शोधायची, उगवलेलं झुडूप मुळासकट उपटायचं आणि पायथ्याशी झिरपणारं पाणी ग्लासात धरून उजेडात बघायचं. हे तिला सासऱ्यांनी शिकवलेलं. "पाळीला घाम येतोच, सूनबाई," ते म्हणायचे. "नितळ आहे तोवर झोप घे. गढूळ दिसलं तर समज, तिचं रक्त वाहतंय."

ही पाळ सासऱ्यांनी आणि सासूबाईंनी बांधली होती. आणखीही माणसं होती म्हणा, पण सासऱ्यांच्या बोलण्यात ती कधी यायची नाहीत. दोघं समोरासमोर उभी राहून लाकडी धुमसाने माती ठोकायची. एक ठोका त्यांचा, मधल्या जागेत एक सासूबाईंचा. सासूबाई गेल्यावर त्यांनी दुसरा जोडीदार घेतला नाही. दुरुस्तीची माती एकटेच ठोकायचे, पण मधली जागा तशीच रिकामी सोडून. धप्... मग काही नाही... धप्. सुनेने एकदा विचारलं होतं, "मामंजी, मी उभी राहू का समोर?" तेव्हा ते नुसते हसले होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. धुमस अजून पडवीत टांगलेला होता. त्याला कोणी हात लावत नसे.

त्या संध्याकाळी धरण काठोकाठ भरलं होतं आणि धुकं पाण्यावरून पाळ ओलांडून खाली घरंगळत होतं.

"धरणाचा एवढा घाम पुसतेस," वरून चाकाला वंगण घालता घालता नवरा ओरडला, "माझा कधी पुसलास?"

"तुम्हाला येऊ दे तर आधी!"

हसतच ती पायथ्याने चालू लागली. निम्म्यावर आली आणि थबकली.

धप्...

मग काही नाही.

धप्...

"अहो... तुम्ही ठोकताय का काही?"

"मी? वंगण काय ठोकून घालतात?" आवाज वरून आला. ठोका मात्र वरून येत नव्हता. तो पाळीच्या आतून येत होता. तळपायाला कळत होता.

ती आवाजाच्या मागे गेली. जिथे तो सर्वांत जवळ वाटला तिथे गवतात बोटाएवढी धार उसळत होती. काल तिथे काही नव्हतं. तिने ग्लास धरला. पाणी चहासारखं भरलं.

हाक ऐकून नवरा धावत खाली आला. त्याने ग्लास पाहिला. "चिकणमाती आणतो. दाबून बंद करू."

"बंद केलं तर दुसरीकडून फुटेल. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. तुम्ही दरवाजा पूर्ण उघडा, पाटबंधाऱ्याच्या साहेबांना फोन लावा आणि वस्ती रिकामी करा. वाळू-खडी मी घालते."

"एकटी?"

"पळा हो!"

शेडमध्ये वाळूची पोती याच दिवसासाठी भरून ठेवलेली होती. तिने एक ओढत आणलं आणि धारेवर रिकामं केलं. तेवढ्यात तिच्या हाताखालीच ठोका पडला. धार बंद झाली. क्षणभर तिला बरं वाटलं... आणि हातभर अंतरावर गवत फाडून दुसरी धार उसळली, पहिलीपेक्षा जाड. पुन्हा ठोका. तीही बंद. तिसरी उसळली.

कोणीतरी आतून बुजवत होतं.

ओल्या मातीचा नव्हे, खूप खोल, कधी ऊन न लागलेल्या मातीचा वास आला.

"मामंजी..." ती मातीवर वाकली. "मामंजी, बुजवू नका... पाळ जाईल."

जिवंतपणी त्यांनी कोणाचं ऐकलं नव्हतं. ठोका तिच्या गुडघ्यापाशी आला.

तिने दोन्ही तळवे मातीवर टेकले. "पाळ तुमची आहे. पण फेरी आता माझी आहे. मी सांगते तसं करा."

ठोका थांबला. धुकंसुद्धा थांबल्यासारखं वाटलं. मग आवाज हळूहळू आत गेला, खोल, पाण्याच्या बाजूला. धप्... रिकामी जागा... धप्. धार एकच उरली. तिने तिच्यावर वाळू घातली, वाळूवर खडी, खडीवर दगड. म्हाताऱ्यांना आणि पोराबाळांना उंचावर पोचवून वस्तीतली माणसं घमेली घेऊन धावत आली, तेव्हा दगडांमधून पाणी शांतपणे बाहेर येत होतं. तिने ग्लास धरला आणि बॅटरीच्या उजेडात सगळ्यांना दाखवला. नितळ.

सकाळी साहेब आले. पाणी निम्म्यावर उतरलं होतं. ते वाळू-खडीच्या त्या गाळणीपाशी उकिडवे बसले, दगड चाचपून पाहिले आणि म्हणाले, "मी इथे असतो तर हेच केलं असतं. पण तुमच्याइतक्या लवकर झालं नसतं."

नवऱ्याने अशी मान ताठ केली, जणू दगड त्यानेच वाहिले होते. "आमच्या घरची आहे, साहेब."

तिने मुठी पदराखाली घेतल्या. दोन्ही तळव्यांवर, बोटांच्या मुळाशी, टपोरे फोड आले होते. पोती ओढून येतात ते तिला माहीत होते, ते बोटांच्या पेरांवर येतात. असे फोड तिने फक्त सासऱ्यांच्या हातांवर पाहिले होते. पडवीतला धुमस तिने खाली काढला नव्हता. पण सकाळी त्याचं तोंड ओलं होतं आणि त्याला आतली काळी माती लागली होती.

संध्याकाळी ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. पाळीतून आवाज आला. धप्...

धप्.

"अगं, पाय का आपटतेस?" नवऱ्याने विचारलं.

तिने खाली पाहिलं. मधल्या जागेतला ठोका तिच्या टाचेखालून आला होता, पण टाच जमिनीवर घट्ट रोवलेली होती. ती तिने उचलली नव्हती, आपटली नव्हती. भीतीने छाती दडपली... आणि त्याच छातीत काहीतरी अभिमानाने भरूनही आलं.

आत पुन्हा ठोका पडला. मग मधली जागा रिकामी राहिली, आणि तिच्या ठोक्याची वाट पाहू लागली.