लहान बर्नर पेटेना

"ताई, आत्ताच्या आत्ता या. पण मी बोलावलं म्हणून घरात सांगू नका."

फोनवर म्हातारी बाई होती. आवाज दाबून बोलत होती. मागे कुणीतरी तावातावाने भांडत होतं.

"काय झालंय आजी?"

"मी म्हणते शेगडी बिघडलीय. घरातले म्हणतात माझं डोकं बिघडलंय. दोन्हीतलं खरं काय ते तुम्ही येऊन सांगा. उद्या सकाळी मला लेकीकडे पाठवतायत. कायमचं."

फोन कट.

ठिणगीने पान्ह्यांची पिशवी उचलली. शेगड्या दुरुस्त करते म्हणून तिचं नाव ठिणगी पडलेलं नव्हतं. तिचं डोकं लगेच पेटायचं, म्हणून पडलं होतं.

वीस मिनिटांत ती चौथ्या मजल्यावर पोचली. जिन्यातच गॅसचा वास आला. दार उघडंच होतं. सुनेने नाकावर रुमाल धरलेला. मुलगा मोबाईलवर कुणालातरी गाडीची वेळ विचारत होता. आजी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टुलावर बसली होती, हात मांडीत घालून. उजवी भुवई अर्धी जळलेली.

"तुम्ही कोण?" मुलाने विचारलं.

"शेगडी बघणारी. तुमच्या मजल्यावरून फोन आला. वास येतोय म्हणून."

खोटं नव्हतं ते. पूर्ण खरंही नव्हतं.

"सिलिंडर बंद केलाय. शेगडीला काही झालेलं नाही." मुलगा म्हणाला. "आई बटण चालू ठेवते आणि विसरते. तीनदा झालं. आज माझी बायको चार वाजता आली म्हणून वाचलो सगळे."

"आईंना कधी विचारलंत का, की त्यांनीच चालू ठेवलं म्हणून?"

"विचारायचं काय त्यात? स्वयंपाक तीच करते."

मुलगा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. जन्म दुसऱ्याच्या शेजारी बसून ब्रेक दाबण्यात गेलेला. घरातही तेच करत होता.

तेवढ्यात खिडकी बंद झाल्याचा आवाज आला.

स्वयंपाकघराच्या दाराशी एक टेबल होतं. त्यावर दिवा, चिमटे, आणि काचेच्या झाकणाखाली उघडलेली घड्याळं. तिथे बसणारे आजोबा उठले होते आणि त्यांनी खिडकी लावून घेतली होती.

"बाबा! काय करताय?" मुलाने धावत जाऊन खिडकी पुन्हा सताड उघडली.

"वाऱ्याने चाकं उडतात रे माझी," आजोबा पुटपुटले आणि परत खाली बसले. डोळ्याला भिंग लावलं. मेण लावलेल्या काडीच्या टोकाने केसाएवढा सेकंदकाटा उचलला. हात जरासुद्धा हलला नाही.

ठिणगीने वास जायची वाट बघितली. मग सिलिंडर उघडला. मोठा बर्नर पेटवला. एका फटक्यात निळी ज्योत. बंद. मग लहान.

टक. टक. टक. काही नाही. मग अर्ध्याच कडेला पिवळी ज्योत आली, थरथरली आणि गेली.

"बघा," आजी स्टुलावरून म्हणाली. "दहा दिवस हेच सांगतेय."

"आजी, भुवई कशी जळली?"

"गेल्या आठवड्यात सकाळी. दूध ठेवायचं होतं. लायटर मारतेय, मारतेय, पेटेना. आणि एकदम भप्प!"

"लायटरआधी बटण किती वेळ चालू होतं?"

"ते यांना विचारा. मी विसरते ना."

मुलाने मान फिरवली.

"लहान बर्नरवर काय काय करता?"

"फक्त माझं सकाळचं दूध. बाकी सगळं मोठ्यावर. चहासुद्धा. चौघांचा असतो, लहान पातेलं पुरत नाही."

"आणि दुपारी?"

"अडीच ते चार मी झोपते. अगदी मेल्यासारखी."

ठिणगी सुनेकडे वळली. "पहिल्यांदा झालं तेव्हा तुम्हालाच कळलं?"

"हो. तीन आठवडे झाले. कामावरून आले तर घरभर वास. लहान बर्नरचं बटण उघडं, ज्योत नाही. आई आत झोपलेल्या."

"घरात आणखी कोण होतं?"

"बाबा. ते तर कायम असतात. पण ते घड्याळात घुसले की बाजूला बॉम्ब फुटला तरी..."

ठिणगीने फ्रीजकडे बघितलं. विजेच्या शेगडीची जाहिरात कापून चिकटवलेली. सुनेच्या अक्षरात खाली लिहिलं होतं, 'हीच घेऊ.'

"ही कधीपासून आहे इथे?"

सून तडकली. "म्हणजे काय? नवी शेगडी हवी म्हणून मी घर जाळणार होय? नोकरी करून येते मी, वेळ कुठाय मला असले उद्योग करायला?"

"मी तसं म्हटलं का?"

"तोंडाने नाही म्हटलंत."

ठिणगीने सिलिंडर बंद केला. जाळी काढली, बर्नर काढले. शेगडी उलटी केली. लहान बर्नरखाली, फडका पोचत नाही अशा सांदीत तपकिरी डाग होता. नखाने खरवडला. चहाची पूड चिकटलेली.

मग जेट. गॅस ज्या पितळी तोटीतून येतो ती, मध्ये सुईएवढं भोक असलेली. पान्हा लावला आणि ती जरा दचकली. वर्षानुवर्षं न हललेलं जेट करकरतं. हे लोण्यासारखं फिरलं. आट्यांवर तेलाचा बारीक थेंब होता. कडा एकदम कोऱ्या. घरगुती पकडीने कुणी जेट काढलं की कडा कुत्र्याने चावल्यासारख्या होतात. इथे ओरखडासुद्धा नव्हता.

भोकात मेण होतं.

"मेण?" मुलगा जवळ आला. त्याने बायकोकडे बघितलं. हॉलमध्ये वासाच्या मेणबत्त्यांची रांगच होती.

"माझ्याकडे काय बघतोस?"

"मेणबत्त्या कुणाच्या आहेत घरात?"

"हो का! आत्तापर्यंत आई वेडी होती. आता मी गुन्हेगार झाले."

"गप्प बसा दोघं," ठिणगी म्हणाली. तिचं डोकं तापायला लागलं होतं. तिने टाचणीने मेण काढलं आणि बोटांत चोळलं. मेणबत्तीच्या मेणाचा चुरा होतो. हे चिकटत होतं, ताणलं जात होतं.

एव्हाना तिला कळलं होतं. फक्त एक खात्री करायची राहिली होती.

तिने पिशवीतून बाटली काढली आणि फडक्यावर रॉकेल ओतलं. बर्नर पुसायला ती तेच वापरायची. सून दोन पावलं मागे सरकली, इतका भपकारा आला. ठिणगी आजोबांजवळ गेली.

"बाबा, हाताला तेल लागलंय तुमच्या. हे घ्या, ओलं फडकं."

आजोबांनी मान वर न करता फडकं घेतलं. बोटं पुसली. एकेक, नीट. मग मानेचा घाम पुसला. मग फडकं तोंडाकडे न्यायला लागले.

ठिणगीने ते हिसकावून घेतलं.

मुलाचं तोंड उघडंच राहिलं.

"अहो," आजी म्हणाली, "रॉकेल आहे ते."

आजोबांनी बोटं नाकाशी नेली. हुंगली. मग हात खाली ठेवला आणि डोळ्यावरचं भिंग काढलं.

"यांना वास येत नाही," ठिणगी म्हणाली. "मगाशी सूनबाई नाकावर रुमाल धरून उभ्या होत्या आणि यांनी खिडकी लावली. मला तेव्हाच खटकलं होतं. आता सुरुवातीपासून ऐका. आजी दुपारी झोपतात. बाबांना चहाची तलफ येते. एक कप, म्हणून लहान बर्नर. तीन आठवड्यांपूर्वी तो चहा उतू गेला. खाली पूड चिकटलीय अजून, आणि आजी तर लहानावर चहा करतच नाहीत. ज्योत विझली. ज्योत गेली म्हणजे बंद झालं असं धरून बाबा कप घेऊन टेबलावर येऊन बसले. बटण उघडंच. वास नाकाला कळलाच नाही. सूनबाई आल्या आणि खापर झोपलेल्या आजींवर फुटलं."

"आणि मेण?" मुलाने विचारलं.

"दहा दिवसांपूर्वी परत तेच झालं आणि बाबा घाबरले. परत असं व्हायला नको म्हणून त्यांनी तोटीच बुजवली. आट्यांना तेल लावून, कडा न खरवडता जेट काढणारा हात या घरात एकच आहे. आणि मेण त्यांच्या काडीच्या टोकावरचं. बोटांना चिकटतं तसलं. चूकही घड्याळवाल्याचीच झाली. घड्याळात मेण घट्ट राहतं, तिथे आग नसते. इथे शेजारी मोठा बर्नर तासभर जळतो. मेण मऊ पडतं, गॅस त्यातून थोडा थोडा वाट काढतो. तसा साठला आणि आजींच्या तोंडावर भडकला."

"आज काय झालं?" सुनेने विचारलं. रुमाल आता तिच्या मुठीत होता.

ठिणगीने आजोबांकडे बघितलं. "ते यांनीच सांगावं."

आजोबांनी भिंग टेबलावर ठेवलं.

"परत बुजवलं आज. नीट. ही झोपली होती. मग बटण फिरवून नाक लावून बघितलं. वास नाही आला. म्हटलं, बंद झालं एकदाचं. बंदच आहे म्हटल्यावर बटणाकडे कोण बघतं."

"शेगडी तापलेली होती, जेवण होऊन फार वेळ झाला नव्हता," ठिणगी म्हणाली. "मेण पुन्हा ढिलं झालं. तुम्ही नाक लावलंत तेव्हाही गॅस येत असणार."

"बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?" मुलगा ओरडला. "मी उद्याची गाडी ठरवलीय! तिची! तुम्ही समोर बसून ऐकत होतात!"

"सांगणार होतो. रोज सकाळी ठरवायचो." आजोबांनी चिमटे एका ओळीत लावले, परत विस्कटले. "नाक गेलं म्हटलं की तू म्हणशील डोळे तपासा, हात तपासा, टेबल उचला. टेबल उचललं की मी काय करू दिवसभर?"

"म्हणून मला उचलून द्यायचं?" आजी उठली. आता तिचा आवाज जिन्यात ऐकू गेला असेल. "माझी भुवई जळली तेव्हा मलम आणून दिलंत तुम्ही. मला वाटलं माया आहे!"

"होती ना."

"कधीपासून नाही वास?"

"दीड वर्ष."

आजीने बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं.

"म्हणजे दीड वर्ष मी जेवायला वाढतेय आणि तुम्ही 'वा, काय घमघमाट सुटलाय' म्हणताय, ते?"

आजोबांनी मान खाली घातली. "तुझा चेहरा बघून कळायचं, की आज म्हणायला पाहिजे."

सुनेला हसू आलं आणि ते तिने लगेच गिळलं. मुलगा मात्र अजून धुमसत होता. तो म्हणाला, "ठीक आहे. मग बाबांचं काहीतरी बघावं लागेल. त्यांना एकटं ठेवून..."

"तू थांब." आजी त्याच्याकडे वळली. "कुणाला कुठे पाठवायचं हे तू खूप ठरवलंस. तीन आठवड्यांत एकदासुद्धा माझ्यासमोर बसून 'आई, तू चालू ठेवलंस का' असं विचारलं नाहीस. आधी बहिणीला फोन लाव. सांग, आई येत नाहीये."

मुलगा फोन घेऊन हॉलमध्ये गेला. जाताना पाय उंबऱ्याला अडखळला.

ठिणगीने नवं जेट बसवलं, साबणाच्या फेसाने कुठे गळतंय का बघितलं आणि लहान बर्नर पेटवला. पहिल्याच 'टक'ला गोल निळी ज्योत आली.

आजीने त्यावर पातेलं ठेवलं. दूध ओतलं. मग मागे न बघताच म्हणाली, "या इकडे. उभे राहा इथे."

आजोबा उठले आणि ओट्याशी येऊन उभे राहिले.

"यापुढे मी जागी असतानाच चहा. आणि मी स्वयंपाक करीन तेव्हा तुम्ही इथे. कशाचा वास येतोय ते मी सांगत जाईन."

आजोबांनी डोळे पुसले. हाताला रॉकेल होतं, डोळे आणखीच चुरचुरले.

"रडू नका," आजी म्हणाली. "माझा राग गेलेला नाही. दूध तापत आलंय, साय धरतेय, गोडसर वास येतोय. झालं? आता बटण बंद करा. माझ्यासमोर करा."