दुसरी फुंकर

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्याच घरात, मागच्या खोलीत, रविवारी भरदुपारी घडली आहे. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी स्वतः टिंगल करायचो.

आता करत नाही.

मला खाणकामगारांचे जुने दिवे दुरुस्त करायचा नाद आहे. खाली पितळी टाकी, वर जाड काच, त्यावर बारीक तारेची जाळी. जाळीमुळे ज्योत आतच राहते आणि खाणीतला वायू भडकत नाही. दिव्याला कुलूप असतं, पेटलेला कुणी उघडू नये म्हणून. ज्योत बसू लागली, की समजायचं, श्वास घ्यायला हवा उरली नाही.

बाबा एका खाणीवर दिवेवाले होते. पाळीवर जाणाऱ्या प्रत्येकाला दिवा पेटवून, कुलूप लावून द्यायचे. स्वतः मात्र कधी खाली उतरले नाहीत. त्याची त्यांना जन्मभर धास्ती होती. तरी वरच्या धुळीने छाती खाल्लीच. बोलताना श्वास मध्येच अडकायचा.

त्या दुपारी भंगारातून आणलेला एक दिवा मी जोडून पुरा केला. नवी वात, नवे वॉशर, जाळीवरचा गंज साफ. बाबा खुर्चीत बसून बघत होते.

"नवरदेवासारखा नटवलायस की रे! अंगात काही दम आहे, का नुसतीच पावडर?"

मी दिवा पेटवला. कुलपाचा स्क्रू आवळला. काचेच्या कडेने फुंकर मारली. सांधा सैल असला तर ज्योत हलते.

हलली नाही.

"घ्या," मी दिवा त्यांच्यापुढे धरला. "बघा तुमच्या पोराचं काम."

बाबांनी तो दोन्ही हातांत घेतला. सवयीने ओठ पुढे केले. अर्धी फुंकर मारली, अडकले, मग उरलेली मारली.

ज्योत स्थिर होती. बाबांचा चेहरा मात्र उतरला.

"आधी तू फुंकलंस?"

"हो. का?"

"देणारा आधी फुंकतो. घेणारा नंतर. दुसरी फुंकर ज्याची, दिवा त्याचा... आणि तो खाली जाणार." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "जन्मभर पहिली फुंकर माझी होती रे."

"बाबा, काहीतरीच तुमचं!"

तेवढ्यात ज्योत बसू लागली...

टाकीत तेल भरपूर होतं. टाकीच्या तळातून आत जाणाऱ्या तारेने मी वात वर सरकवली. खिडक्या उघडल्या. शेजारी काडी पेटवली, तर ती नेहमीसारखी जळाली. दिव्यातली ज्योत तेवढी बसत होती.

आणि बाबांचा श्वास.

"द्या इकडे!" मी दिवा ओढला. त्यांची बोटं सुटेनात.

"वर आल्याशिवाय... दिवा जमा होत नाही."

ते माझ्याकडे बघतच नव्हते. पायांखाली बघत होते.

फरशीखाली काहीतरी घरघरत होतं... लिफ्ट खाली जावी तसं. खाली... आणखी खाली...

आमच्या घराला तळघर नाही.

"अहो, कसला आवाज तो?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. म्हणजे तिलाही ऐकू आला.

आवाज थांबला. ज्योत विझली. बाबा गेले होते.

डॉक्टर म्हणाले, छातीचं जुनंच दुखणं. मीही सगळ्यांना तेच सांगितलं. पण दिवा मीच त्यांच्या हातात दिला होता. ते काही केल्या मनातून जात नाही.

दिवा कपाटात पडून होता. आज सकाळी राहवलं नाही. बाहेर काढला, तेल घातलं, पेटवला, कुलूप लावलं. हाताच्या सवयीने फुंकर मारली.

ज्योत हलली नाही.

मग... हलली.

थोडीशी. थांबली... पुन्हा हलली.

खोलीत मी एकटाच होतो. मी तर श्वासही रोखून धरला होता. काचेवर वाफ धरली होती. बोटाने पुसायला गेलो, पुसली जाईना.

ती आतल्या बाजूने होती.

"बाबा," मी विचारलं, "वर आलात का?"

फरशीखाली घरघर सुरू झाली... आवाज लांब लांब जात होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं. पहिली फुंकर पुन्हा मीच मारली होती.

हे लिहितोय, तेव्हा दिवा समोर जळतोय. तेल थोडंच उरलंय. भरायचं तर दिवा विझवून कुलूप उघडावं लागेल. बायको म्हणते, विझवा तो एकदाचा.

पण बाबा खाली आहेत.